कॅथलिक शाळेतले ४० तास: मुलाला कुठे पाठवावं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या कॅथलिक हायस्कूलमध्ये बारावीला आहे, डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पुरं केल्याच्या दाखल्यासाठी, ४० तासांची समाजसेवा लागते आणि अर्धा जानेवारी सरला तरी त्याच्या नावावर जेमतेम ९ तास आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आम्ही हिंदू, तर हे तास चर्चमध्येच करावे लागतात का? मंडळाच्या गणपतीत त्याने केलेली धावपळ धरतात का? आणि उरलेल्या तासांसाठी ओळखीतल्या कुणाची सही घेतली तर शाळा खरंच बघते का? शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सक्तीची सेवा ती कसली सेवा?' मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि सहीचा विचारही त्यातूनच आला असावा. पण हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून आधी तासांचं बोलू.

मी मूळची वसईची, कॅथलिक. गेली १७ वर्षं मिसिसागा-ब्रॅम्प्टन भागातल्या शाळांमध्ये गायडन्स काउन्सेलर आहे. या तासांचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात, अपुरे असले तर मुलांना बोलावून घेणारीही मीच.

पहिली गोष्ट, ४० तासांचा नियम चर्चचा नाही. तो आपल्या ऑन्टारियो प्रांताच्या सरकारचा आहे. १९९९ साली नववीत आलेल्या मुलांपासून तो लागू झाला आणि सरकारी शाळा असो की कॅथलिक, डिप्लोमा हवा तर ४० तास सगळ्यांनाच. इथल्या कॅथलिक शाळाही सरकारी पैशावर चालतात. १९८४ पर्यंत वरच्या वर्गांना हा पैसा पुरा मिळत नव्हता, पालकांना फी भरावी लागे. त्या वर्षी प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, बिल डेव्हिस यांनी तो शेवटच्या इयत्तेपर्यंत द्यायचं जाहीर केलं. त्यासोबत हायस्कूलची दारं इतर धर्मांच्या मुलांनाही उघडली. म्हणून आज माझ्या शाळेत पटेल, सिद्धू, जोशी आणि डिसोझा एकाच बाकावर बसतात. (हे अमेरिकेतून कुणी वाचत असेल तर तिथलं गणित वेगळं आहे. तिथल्या कॅथलिक शाळा खासगी, किती तास आणि कुठे हे प्रत्येक शाळा आपलं ठरवते. मेरीलँडमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांना ७५ तास लागतात, पण तो नियम तिथल्या कॅथलिक शाळांना बांधील नाही. तेव्हा तुमच्या शाळेचं हँडबुक बघा.)

मग कॅथलिक शाळेत वेगळं काय? थोडं आहे, आणि ते शाळेगणिक बदलतं. काही शाळा धर्मशिक्षणाच्या तासाला या सेवेवर पानभर लिहून घेतात. काही ठिकाणी काही तास शाळेच्या किंवा पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, उपक्रमात व्हावेत अशी अपेक्षा असते. तुमच्या शाळेत काय आहे ते काउन्सेलरला सरळ विचारा, त्यात संकोच कसला? उपासनेला हजर राहणं मात्र सेवेत मोडत नाही. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, बसलं म्हणून कुणाचे तास भरत नाहीत, तसे आरतीला उभं राहिलं म्हणूनही भरत नाहीत.

तुमच्या मनातली भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण दरवर्षी एखाददुसरी आई ती हळूच बोलून दाखवते: या निमित्ताने मुलाला चर्चकडे ओढतील का? माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगते, मी तसं होताना पाहिलेलं नाही. आमच्याकडे लहानपणी सात दयेची कृत्ये पाठ करून घेत: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट आणि मृताला मूठमाती. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातली आहेत, मूठमातीचं नंतर जोडलं गेलं. त्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते एवढंच, की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही काय केलंत. भुकेला कोणत्या धर्माचा होता हे तिथे विचारलेलं नाही. अन्नदान आणि पाणपोई माहीत असलेल्या घरातल्या मुलाला ही यादी परकी वाटायचं कारण नाही. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं डिक्सी रोडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला जातात, आणि ते तास मी स्वतः नोंदवून घेतले आहेत.

आता गणपतीचं. उत्तर 'बहुतेक हो, पण' असं आहे. मंडळ नोंदणी झालेली ना-नफा संस्था असेल, तर हॉलमध्ये खुर्च्या लावणं, महाप्रसाद वाढणं, नंतर झाडलोट करणं, लहान मुलांना लेझीम शिकवणं हे धरतात. स्वतः नाटकात काम करणं, ढोल वाजवणं, त्याची तालीम, हे सहसा धरत नाहीत. अडचण वेगळीच आहे. शाळेच्या यादीत नसलेल्या कामाला मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी आधी घ्यायची असते, आणि गणपती तर सप्टेंबरात झाले. तरीही मंडळाच्या अध्यक्षांकडून तारीख, वेळ आणि नेमकं काम लिहिलेलं पत्र घेऊन भेटा. मागाहून मंजुरी दिलेली मी पाहिली आहे, नाकारलेलीही पाहिली आहे. ते तास मिळतील असं धरून पुढचा हिशेब मात्र करू नका. मिळाले तर वरकड समजा.

काय चालत नाही, तेही पटकन सांगते, कारण इथे मुलांचे तास वाया जातात. पगारी काम नाही. एरवी पगारी माणूस करतो ते काम फुकट करणंही नाही, म्हणजे काकांच्या दुकानात काउंटरला उभं राहणं बाद. घरकाम नाही, धाकट्या बहिणीला सांभाळणं नाही. वर्ग चालू असताना नाही, जेवणाच्या सुट्टीत चालतं. गाडी चालवणं, विजेची अवजारं, परांचीवर चढणं, कुणाला औषध देणं हे सगळं शिक्षण मंत्रालयानेच मना केलंय. शिवाय वेळोवेळी शाळेत 'सिव्हीज डे' असतो, दोन डॉलर देऊन युनिफॉर्म न घालता यायचं आणि पैसे दानात जातात. चांगला रिवाज आहे, पण दोन डॉलर म्हणजे तास नव्हेत. तुमच्या मुलाच्या ९ तासांत काय काय धरलंय ते आजच एकदा बघून घ्या. नऊ म्हणून आणलेले तास तपासल्यावर सहाच निघाले, असं माझ्याकडे बऱ्याचदा होतं.

सहीबद्दल मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. हो, शाळा बघते. सगळे फॉर्म बघत नाही, पण बघते. फॉर्मवर देखरेख करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर असतो, आणि शंका आली की मी फोन करते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने एका संस्थेचे ३० तास आणले होते, सगळे एकाच पेनाने, एकाच वळणाने लिहिलेले, एक शनिवार लाँग वीकेंडचा. मी फोन केला. पलीकडे त्याचे मामा होते आणि संस्थेचं काम काय, हे त्यांना सांगता येईना. मुलाला समोर बसवून विचारलं तेव्हा तो रडला नाही की भांडला नाही. म्हणाला, "मिस, मी तर जायला तयार होतो. बाबा म्हणाले अभ्यास कर, याचं मी बघतो." त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मूल तयार होतं आणि आपण मोठ्यांनी त्याचा वेळ वाचवला. कशासाठी? अठराव्या वर्षी कागदावर खोटं लिहून काम होतं, हे घरातून शिकवून आपण त्याला कॉलेजात पाठवतो. ताई, हे करू नका. एकतीस तास फार नाहीत.

आता तुमचं शेवटचं वाक्य. सक्तीची सेवा ती कसली सेवा? यावर मी बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. आपल्याकडच्या एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, बघा. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. कॉलेजात मीही तिच्यात होते, आणि खरं सांगायचं तर दहा गुणांसाठी होते. पालघरच्या पुढच्या एका पाड्यावर आम्ही बंधारा घालायला गेलो. पहिल्या दिवशी हाताला फोड आले आणि मनातून मी घरी पळायचे बेत करत होते. चौथ्या दिवशी सकाळी तिथल्या एका आजीने माझा हात उलटा करून बघितला, काही न बोलता कसलासा पाला चुरून लावला आणि मला फडक्याची पट्टी बांधली. त्या आजीचं नाव मी विचारलं नाही, याची खंत अजून आहे. गुणांसाठी गेले होते, तरी त्या पाड्याची आठवण मला गुणांमुळे येत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की सक्ती मुलाला दारापर्यंत नेते, तेवढंच तिचं काम. आत गेल्यावर काय होईल ते जागेवर अवलंबून आहे, आणि जागा निवडणं आपल्या हातात आहे. आपण बहुतेक जण तिथेच चुकतो. पालक तास शोधतात: इथे चार, तिथे तीन, मॅरेथॉनला पाणी वाटायचे पाच, ओपन हाउसला दोन. चाळीस भरतात आणि मुलाला एकही चेहरा आठवत नाही. त्याऐवजी एकच जागा धरा, आणि अशी धरा की मुलगा आला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल.

टोरोंटोतली एक गोष्ट आहे, आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेली. सेंट मायकल्स कॉलेज स्कूल या मुलांच्या कॅथलिक शाळेत १९८० च्या दशकात सिस्टर सुझन मोरान होत्या. एका बेघर माणसाशी शाळेतल्या मुलांची ओळख झाली होती. पुढे तो वारला. मुलांना ते सहन झालं नाही. त्यांनी आणि सिस्टरांनी मिळून जे सुरू केलं, त्यातून 'आउट ऑफ द कोल्ड' उभं राहिलं: हिवाळ्यात चर्चच्या आणि सिनेगॉगच्या तळघरांत रात्रीचं गरम जेवण आणि झोपायला जागा. चाळीस तासांचा नियम तेव्हा जन्मालाही आला नव्हता. मुलं त्या माणसाला ओळखत होती, एवढंच झालं होतं.

माझ्या शाळेतला एक मुलगा सांगते. मराठी घरातला, अबोल, दहावीत एकही तास नसलेला. त्याला मी जवळच्या वृद्धांच्या लाँग टर्म केअरमध्ये पाठवलं, दर बुधवारी दीड तास. पहिले तीन आठवडे तो जेवणाच्या खोलीत खुर्च्या सरकवून परत येत होता. फॉर्मवर काम म्हणून 'खुर्च्या' एवढंच. तिथे एक पोर्तुगीज आजोबा होते, इंग्रजी बेताचं. त्यांच्या पत्त्यांच्या डावाला चौथा भिडू मिळत नव्हता. डाव 'स्वेका'चा. चौघे, समोरासमोरचे जोडीदार, हुकूम, सगळं आपल्या मेंढीकोटासारखं, आणि हा मुलगा सुट्टीत नाशिकला आजोबांबरोबर मेंढीकोट खेळून मोठा झालेला. फक्त मेंढीकोटात जीव असतो दश्शीत, आणि स्वेकात दश्शी मुळात नसतेच, एक्क्याच्या खालोखाल मान सत्तीचा. पहिल्याच डावात याने सत्ती हलकी समजून टाकली आणि आजोबांनी कपाळाला हात लावला. पुढच्या बुधवारी तो दहा मिनिटं आधी पोचला. त्याचे ४० तास फेब्रुवारीत संपले, तो जूनपर्यंत जात राहिला. मी त्याला का म्हणून विचारलं तर म्हणाला, "मी नाही गेलो तर ते तिघेच उरतात."

तुमच्या मुलासाठी काय, ते आता बघू. मला तो माहीत नाही, म्हणून दोन वाटा सांगते.

बोलका असेल, म्हाताऱ्या माणसांत रमत असेल, तर लाँग टर्म केअर. पण वेळ दवडू नका, कारण तिथे आत शिरायलाच वेळ लागतो. बऱ्याच ठिकाणी क्षयाची चाचणी मागतात, ओरिएंटेशन असतं, आणि १८ पूर्ण असतील तर पोलिस तपासणीचा दाखलाही मागतात, त्यात आठवडे जाऊ शकतात. बारावीत कित्येक मुलं वर्षाच्या मध्येच अठराची होतात, तेव्हा त्याचा वाढदिवस कधी आहे हेही बघा.

लाजरा असेल तर फूड बँक. तिथे सहसा लवकर घेतात, आणि हाताला काम असलं की लाजरं मूल बोलायला लागतं. साधारण काय असतं ते सांगते, म्हणजे त्याला कल्पना येईल. लांब टेबल, एका बाजूने दान आलेल्या पिशव्या, दुसऱ्या बाजूला खोकी: डाळी-कडधान्य, सूप, बाळाचं दूध. प्रत्येक डब्यावरची तारीख बघायची. डबा कुठे चेपलाय ते बोटाने चाचपायचं. पोटाशी थोडा पोचा असेल तर चालतो, शिवणीवर किंवा कडेला चेपला असेल तर फेकायचा, कारण तिथून हवा आत शिरलेली असू शकते. फुगलेला डबा तर हातात ठेवायचाच नाही. आणि त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: घरी खाल्लं नसतं, ते खोक्यात टाकायचं नाही. पुढे काही आठवड्यांनी विचारा, मला माणसांना सामान द्यायच्या बाजूला उभं करता का म्हणून. खरी ओळख तिकडे होते. पॅरिशमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीही असंच काम करते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वसईतही आमच्या गावी तिची माणसं घरोघर जायची. तुमचा मुलगा तिथे गेला तर त्याला कुणी धर्म विचारणार नाही.

हिशेब असा: ३१ तास उरलेत. आठवड्याला दोन म्हटले तर १६ आठवडे, म्हणजे जानेवारीअखेर सुरू केलं तर मेच्या मध्यापर्यंत. मार्च ब्रेकच्या आठवड्यात रोज तीन तास असे चार दिवस गेला तर १२ तास तिथेच होतात आणि बाकीच्याला दहा आठवडे पुरतात. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी घेता येईल इतकी फट राहते. शाळेची शेवटची तारीख मात्र विचारून घ्या, ती सगळीकडे एक नसते.

युनिव्हर्सिटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात विषय निघेलच. ऑन्टारियोत बहुतेक प्रवेश गुणांवर होतात, ४० चे ६० तास केले म्हणून कुणी जास्त धरत नाही. वॉटर्लूच्या इंजिनिअरिंगसारख्या ठिकाणी वेगळा माहितीचा अर्ज असतो, तिथे अभ्यासाबाहेर काय केलं हे लिहायचं असतं, आणि लोरान शिष्यवृत्तीत सेवेकडे मुद्दाम पाहतात. तिथेही एका जागी टिकून केलेलं काम सांगता येतं, सात जागी केलेलं सांगता येत नाही. पण कृपा करून त्याला 'अर्जात दिसेल' म्हणून पाठवू नका. मुलांना ते लगेच कळतं.

थोडक्यात, चर्चमध्येच करायला हवं असं नाही. गणपतीचे तास पत्र घेऊन विचारून बघा, पण त्यांच्यावर विसंबू नका. सही फक्त ज्याने काम पाहिलं त्याची.

या शनिवारी एवढंच करा: त्याला शेजारी बसवा आणि फोन त्यालाच करू द्या. तुम्ही करू नका. आधी शाळेतून नियोजनाचा फॉर्म आणा, तो अठराच्या आत असेल तर त्यावर तुमचीही सही लागते. मग एक छोटी वही द्या. दर खेपेला तारीख, किती ते किती, काय काम, आणि त्या दिवशी भेटलेल्या एका माणसाचं नाव. सही त्याच दिवशी तिथेच घ्यायची, महिन्याने नाही, कारण देखरेख करणारी माणसं बदलतात आणि मग मुलं एप्रिलमध्ये माझ्या दारात रडवेली उभी असतात. नावाचा रकाना फॉर्मवर नसतो. तो मी माझ्या मुलांना वहीत आखून देते.